परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी, पगार भरपूर: जावं का?

मनवा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.
मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. एम.ए. इंग्रजीतच, बी.एड. झालंय. दुबईतल्या एका खासगी शाळेनं ऑनलाइन मुलाखत घेतली, एक डेमो तास घ्यायला लावला आणि गेल्या आठवड्यात ऑफर लेटर आलं. दोन वर्षांचा करार, महिना ९,००० दिरहम, वर्षातून एकदा जाण्यायेण्याचं विमानभाडं, आरोग्यविमा. आता मिळतो त्याच्या साधारण तिप्पट पगार होतो.
नवऱ्याची नोकरी सोडता येण्यासारखी नाही, म्हणजे मी एकटीच जाणार. मुलगी आठवीत आहे. सासूबाई आमच्याकडेच असतात, आणि "जाऊन ये गं" असं सगळ्यात आधी त्याच म्हणाल्या. नवरा म्हणतो, "तुला काय वाटतं ते कर." विवाहित मंडळींना याचा अर्थ सांगायला नको.
पैसे हवेत, ते लपवत नाही. पण पैशाखेरीज काय काय तोलून बघावं? जाऊन आलेल्यांनी जरूर लिहा. उत्तर द्यायला या महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.

शंभर_टक्के_आळशी
रुमाल टाकून ठेवतो. सासूबाईंना नमस्कार सांगा.

रात्रपाळी
मनवा, अभिनंदन. आता रुक्ष प्रश्न विचारतो. त्या ९,००० मध्ये बेसिक किती? घरभाडं त्यातच की वेगळं? पगार बारा महिने की दहा? काही शाळा पहिल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार देत नाहीत, किंवा तुकडे करून देतात. पत्रावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा हा नुसता चेहरा असतो, खाली काय फोड केलीय ते बघा आणि इथे लिहा. मग बोलू.

केशरी_पेन्सिल
मी आखातात दोन शाळांमध्ये शिकवलंय, एक ओमानमध्ये, एक यूएईत. मला तरी जाण्याचा पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगते.
वर्ग कसा असतो ते कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. माझ्या सातवीच्या वर्गात एकाच बाकावर सुदानचा मुलगा, फिलिपिन्सची मुलगी आणि केरळचा एक. तिघांचं इंग्रजी तीन तऱ्हेचं. सुदानच्या मुलाला बोलायला काहीच अडचण नव्हती, पण लिहायला बसला की अरबीच्या सवयीनं स्वर गाळायचा. 'मार्केट' लिहिताना म, र, क, ट एवढंच वहीत. त्याच्यावर रागावून उपयोग नसतो, तो त्याच्या लिपीच्या हिशेबानं बरोबरच लिहीत असतो. असलं काही आपल्याला बी.एड.मध्ये शिकवत नाहीत. तिथे उभं राहून कळतं. शिक्षक म्हणून माझी सगळ्यात जास्त वाढ त्याच काळात झाली.
दुसरी बाजू: कागदपत्रं. प्रत्येक तासाचा लेसन प्लॅन, प्रत्येक मुलाचा डेटा, तपासणी आली की रात्रीचा दिवस. पालकांचे मेसेज अकरा वाजताही येतात आणि प्रिन्सिपल म्हणतात उत्तर द्या.

कडूनिंब
हे बाकी बरं आहे. एखाद्या सॉफ्टवेअरवाल्यानं "परदेशी ऑफर आलीय" म्हटलं की पेढे कधी विचारतात. शिक्षिकेला आली की लगेच "पैशाखेरीज काय तोलावं". ताई, पैशासाठी जा आणि तसं उघड म्हणा. शिक्षकांनी फक्त ध्येयासाठी जगावं असं ठरवणारे लोक स्वतः कशासाठी नोकरी करतात?

मनवा
@रात्रपाळी, फोड अशी आहे: बेसिक ४,५००, घरभाडं भत्ता ३,०००, इतर १,५००. पगार बारा महिने, तसं लिहिलंय. पण शाळेच्या शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये राहिलं तर ते ३,००० देत नाहीत.
@कडूनिंब, पैशासाठीच चाललेय हो, म्हणून तर नीट मोजायचंय.

रात्रपाळी
म्हणजे शाळेच्या जागेत राहिलात तर हातात ६,०००. तिप्पट नाही, दुप्पट. स्वतःची जागा घ्यायची म्हटली तर तिथे भाडं दरमहा न देता वर्षाचे मोजके आगाऊ तारखेचे चेक द्यायची पद्धत आहे, म्हणजे नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात मोठी रक्कम उभी करावी लागते.
आता बेसिकचं. यूएईत नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचं मूळ वेतन, त्यापुढे ३० दिवसांचं. मूळ वेतन, एकूण पगार नव्हे. ४,५०० भागिले ३० म्हणजे दिवसाला १५०, गुणिले २१ म्हणजे वर्षाला ३,१५०. दोन वर्षांचे ६,३००. हेच बेसिक ९,००० धरलं असतं तर १२,६०० झाले असते. पगाराचा आकडा तोच, फक्त मधली रेघ कुठे मारली त्यावर निम्मे पैसे गेले. आणि एक वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलंत तर ग्रॅच्युइटी शून्य.

शंभर_टक्के_आळशी
रात्रपाळी, तुम्ही दिवसा काय करता हो?

रात्रपाळी
झोपतो.

उलटा_कंदील
आखाताबद्दल चाललंय, पण शीर्षकात "परदेशात" आहे म्हणून पूर्वेकडचं लिहितो. मी काही वर्षं जपानमध्ये होतो, शिक्षक म्हणून नव्हे, पण घरातच शिक्षक होता (बायको).
इंग्रजी शिकवण्याच्या बाजारात तुमच्या इंग्रजीआधी तुमचा पासपोर्ट तपासतात. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. या सातांत आपण नाही. २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे पात्र भारतीय शिक्षकांसाठी सहायक शिक्षक म्हणून एक चिंचोळी वाट आहे, बस. चीनमध्येही नियम मूळ इंग्रजी भाषक देशांच्या बाजूनं झुकलेले आहेत.
जपानचं वेगळंच. तिथे शाळेत परकी भाषा शिकवायची असेल तर त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं लागतं. म्हणजे मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत पीएच.डी. केलेल्या बाईंना दहा कागद जास्त जोडावे लागतील आणि इंग्रजी माध्यमातून काठावर पास झालेला पोरगा रांगेत पुढे.

पाणंद
हा शेवटचा परिच्छेद वाचून चिडचिड झाली. आमच्या पिढीत इंग्रजी चांगलं शिकवणारे जे जे भेटले ते सगळे मराठी माध्यमाचे. परकी भाषा स्वतः कष्टानं शिकलेल्यालाच कळतं मूल कुठे अडतं.

दिवटे_मास्तर
पाणंद, शंभर टक्के सहमत. थोडं अवांतर करतो. ब्रज कच्रू नावाचे मूळचे काश्मीरचे भाषाशास्त्रज्ञ होते, अमेरिकेत प्राध्यापक होते. त्यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतलं वर्तुळ म्हणजे ज्यांची ती मायबोली. बाहेरचं वर्तुळ म्हणजे भारत, नायजेरिया, सिंगापूर, जिथे ती राज्यकारभारातून आली आणि स्थायिक झाली. आणि पसरतं वर्तुळ म्हणजे चीन, जपान, कोरिया, जिथे ती परकी भाषा म्हणून शिकतात. गंमत बघा, पसरत्या वर्तुळाला शिक्षक हवेत ते फक्त आतल्या वर्तुळातले. मधल्या वर्तुळात एवढे शिक्षक असूनही त्यांना दार अर्धंच उघडं.
पण कायम असं नव्हतं. हैले सेलासीच्या राजवटीत इथिओपियाच्या शाळांमध्ये भारतीय शिक्षक मोठ्या संख्येनं होते. माझे थोरले काका त्यातलेच एक. १९७४ मध्ये बादशहाला पदच्युत केलं आणि सगळंच बदललं, काका परतले. त्यांचे जुने विद्यार्थी नंतरही पत्रं पाठवत, सुवाच्य इंग्रजीत. काकांचं अक्षर मात्र कोंबडीच्या पायासारखं, मुलांना सुवाच्य अक्षर कुणी शिकवलं कोण जाणे.

शंभर_टक्के_आळशी
मास्तर, आमच्या ऑफिसातलं इंग्रजी चौथ्या वर्तुळात बसतं. कृपया हलके घ्या.

कडूनिंब
वर्तुळं राहू द्या. मुद्दा असा की आखात हा त्यातल्या त्यात आपल्याला मोकळा असलेला बाजार आहे आणि तिथे बी.एड.ला किंमत आहे. मनवाताईंची ऑफर शाळेतला विषय शिकवायची आहे, क्लासमध्ये गप्पा मारायला शिकवायची नाही. हा फरक फार मोठा. भाषेच्या क्लासवाल्या नोकऱ्या धंद्याबरोबर वरखाली होतात. जपानमधली नोव्हा ही इंग्रजी क्लासची सर्वात मोठी साखळी २००७ मध्ये बुडाली, हजारो परदेशी शिक्षक पगाराविना अडकले. चीननं जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर बंधनं आणली आणि त्या क्षेत्रातल्या नोकऱ्या बघता बघता गेल्या. शाळा अशी एका रात्रीत उठून जात नाही.

केशरी_पेन्सिल
शाळा जात नाही, शिक्षक जातात. मनवा, एक काम कर. दुबईत खासगी शाळांची तपासणी केएचडीए ही सरकारी संस्था करते आणि शाळानिहाय अहवाल त्यांच्या साइटवर कुणालाही वाचता येतात. अलीकडचा नसेल तर जुना वाच. सुरुवातीच्या पानावर एक तक्ता असतो: विद्यार्थी किती, शिक्षक किती, सर्वात जास्त शिक्षक कोणत्या देशाचे, आणि 'टीचर टर्नओव्हर' किती टक्के. बाकीचा अहवाल नाही वाचलास तरी चालेल, ती ओळ वाच. दरवर्षी तिसरा हिस्सा शिक्षक सोडून जात असतील तर ऑफर लेटर कितीही गुळगुळीत असू दे, तिथे काहीतरी शिजतंय.
आणखी: भरतीचा खर्च तिथल्या कायद्यानं शाळेनं सोसायचा असतो. कुणी एजंट "व्हिसा फी" म्हणून पैसे मागत असेल तर तिथेच थांब. पासपोर्ट शाळेकडे जमा करायचा नसतो. ओमानमध्ये आमच्या शाळेच्या कार्यालयानं "सुरक्षित राहील" म्हणून मागितला होता. आम्ही तिघीचौघींनी मिळून नाही म्हटलं, पुन्हा विषय निघाला नाही. एकटीनं नाही म्हणणं जड गेलं असतं.

उलटा_कंदील
प्रोबेशनचंही बघा. यूएईत ते सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि त्या काळात मालक चौदा दिवसांच्या लेखी नोटिशीवर काढू शकतो. म्हणजे इथली नोकरी सोडून गेलात आणि त्यांना पटलं नाही तर दोन आठवड्यांत खेळ खलास. आताच्या शाळेत बिनपगारी रजा मिळते का विचारलंत का? राजीनामा देणं आणि रजेवर जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मनवा
रजेचं सुचलंच नव्हतं! उद्या विचारते.

पाणंद
आता मी जरा नावडतं लिहितो. माझी बायको अशीच गेली होती, शिकवायलाच, मुलगा तेव्हा सातवीत होता. पैसे आले, कर्ज फिटलं, कुणी कुणाचं वाकडं केलं नाही. रोज रात्री व्हिडिओ कॉल व्हायचा. मुलगा पहिले काही महिने सगळं सांगायचा, नंतर "बरं चाललंय" एवढ्यावर आला. आई विचारायची "आज काय झालं शाळेत?" आणि तो वही उघडून गृहपाठ दाखवायचा, कारण गृहपाठ दाखवला की प्रश्न थांबतात हे त्याला कळलं होतं. मला समोर बसून दिसत होतं, तिला स्क्रीनवर फक्त नीटनेटकी वही दिसायची.
जाऊ नका असं म्हणत नाही. पण मुलीशी वेगळं बसून बोला, सासूबाई आणि नवरा खोलीत नसताना. "जाऊ का?" असं विचारू नका, ती हो म्हणेल. कशाकशाची अडचण होईल ते विचारा.

कडूनिंब
पाणंद, तुमच्याबद्दल आदर ठेवून. बाप आखातात गेला तर आपण "घरासाठी राबतो" म्हणतो. आई गेली की मुलाच्या मनाचं विश्लेषण सुरू.

पाणंद
तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पण मुलाला तो लागू पडत नाही, त्याला त्या वेळी आई हवी होती आणि मी पुरा पडत नव्हतो. बाप गेला असता तरी हेच लिहिलं असतं, फक्त तेव्हा मला कुणी विचारलं नसतं.

टीपकागद
दोघांचंही पटतंय आणि हेच वाईट आहे.
मनवा, मुलीला बरोबर नेण्याचा विचार केलाय का? यूएईत कुटुंबाचा व्हिसा काढायला प्रायोजकाचा पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची जागा, एवढाच लागतो, तो तुम्हाला आहे. आई मुलीला प्रायोजित करू शकते, वडिलांचं लेखी संमतिपत्र जोडावं लागतं. शिक्षकांच्या मुलांना बऱ्याच शाळा फीमध्ये सवलत देतात. पण किती आणि कितव्या महिन्यापासून, हे करारात हवं, एचआरच्या तोंडी नको.

रात्रपाळी
शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये मुलीला ठेवता येणार नाही. मग स्वतःची जागा, म्हणजे ३,००० भत्ता हातात येतो पण भाड्यात जातो आणि वर भर घालावी लागते. मुलगी नेली तर बचतीचं गणित जवळपास संपतं. तेही ठीक आहे, फक्त मग "पैशासाठी चाललेय" हे वाक्य बदलावं लागेल.

दिवटे_मास्तर
एक बारीकशी गोष्ट. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे, सौदी रियाल ३.७५ ला. म्हणजे बचत एका अर्थी डॉलरमध्येच होते. कागदांचं म्हणाल तर ओमान, सौदी, जपान, कोरिया इथे अपोस्टिलचा (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी) शिक्का चालतो. यूएईसाठी पदवी दूतावासापर्यंत साक्षांकित करत न्यावी लागते. त्याला वेळ लागतो, होकार द्यायच्या आधीच विद्यापीठाकडे चौकशी सुरू करा. पदवी प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळतं का हे आजच बघा. लग्नानंतर नाव बदललेल्यांची इथेच दांडी उडते.

मनवा
मास्तर, नाव जुळत नाही! पदवीवर माहेरचं आहे. धन्यवाद म्हणू की रडू?

केशरी_पेन्सिल
रडू नकोस. विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र लागतं, माझंही तसंच होतं. शाळेला आधीच कळव, त्यांच्याकडे अशा फायली रोज येतात.

शंभर_टक्के_आळशी
लग्न न करण्याच्या माझ्या निर्णयामागे हेच दूरदर्शी कारण होतं, हे आज कळलं.

मनवा
सगळ्यांचे आभार, थोडी माहिती देते.
आताच्या शाळेत एक वर्षाची बिनपगारी रजा मिळू शकते, दोन वर्षांची नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वर्षानं बघू." लेखी द्यायला तयार नाहीत.
तपासणी अहवाल वाचला. टर्नओव्हर ३१ टक्के. केशरी_पेन्सिलचं वाचून आधी पोटात गोळाच आला. मग शाळेला सरळ विचारलं, की शिक्षक का सोडतात, आणि सोडून गेलेल्या कुणाचा नंबर मिळेल का? सोडून गेलेल्यांचा दिला नाही, पण तिथे चौथ्या वर्षात शिकवणाऱ्या एका बाईंचा दिला. त्यांच्याशी तासभर बोलले. म्हणाल्या, मुलं चांगली आहेत, काम खूप आहे, पगार वेळेवर होतो, फ्लॅटमध्ये तिघी असतात आणि स्वयंपाकघरावरून भांडणं होतात. एवढं खरं बोलल्या म्हणून बाकीच्यावरही विश्वास बसला.
मुलीशी बोलले, पाणंद म्हणाले तसं. ती म्हणाली दहावीच्या वर्षी तू इथे पाहिजेस, त्याआधी चालेल. आजीनं माझ्या खोलीत झोपायचं नाही, घोरते. इतकंच.
आता आठवी संपत आलीय. म्हणजे माझ्या हातात एकच वर्ष आहे, आणि करार दोन वर्षांचा. मी शाळेला लिहिलंय: एक वर्षाचा करार द्या, आणि शाळेच्या जागेत राहूनही हातात ७,००० पडतील असं करा. दोन्ही जमलं तर येते. नाहीतर नाही.

रात्रपाळी
झकास. बेसिक वाढवून द्या म्हणून पण लिहायचं होतंत. पण एक वर्षाचाच करार असेल तर ग्रॅच्युइटीसाठी वर्ष पूर्ण भरतंय ना ते बघा. शाळा रुजू व्हायची आणि संपायची तारीख अशी टाकतात की नेमके आठवडाभर कमी पडतात.

कडूनिंब
वाटाघाटी करायची हीच वेळ. एकदा विमानात बसलात की शाळेला तुमची गरज तेवढीच राहते, पण तुमची शाळेला सोडायची ताकद निम्मी होते.

पाणंद
आजीचं घोरणं ही सगळ्यात खरी अडचण आहे, हलक्यात घेऊ नका.

नवखा_पांथस्थ
धागा उशिरा वाचला. माझ्याकडे बी.एड. नाही, बी.ए. इंग्रजी आहे आणि क्लासमध्ये शिकवतो. सेल्टा (इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) केलं तर उपयोग होईल का? ऑनलाइन चालतं का?

केशरी_पेन्सिल
@नवखा_पांथस्थ, सेल्टा केंब्रिजचं आहे. साधारण १२० तास, त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवून दाखवावं लागतं आणि चार लेखी असाइनमेंट असतात. पूर्णवेळ केलं तर चार-पाच आठवडे, आणि त्या आठवड्यांत दुसरं काही होत नाही. ऑनलाइन केलं तरी प्रमाणपत्र तेच मिळतं. प्रौढांना शिकवणाऱ्या संस्थांमध्ये त्याला मान आहे. पण शाळेत शिक्षक म्हणून लागायचं असेल तर ते बी.एड.ची जागा घेत नाही. आधी कुठे जायचं ते ठरवा, मग कोर्सला पैसे भरा.

शंभर_टक्के_आळशी
आणि पदवीवरचं नाव बघून घ्या.